लॉबीतली विधवा

अमेरिकेचा इतिहास शिकवायला लागल्यापासून मी इतकी कधी पेटले नव्हते. आमच्या बनारसच्या विद्यापीठात माझं सचित्र व्याख्यान ठरलं होतं आणि विषय होता, चित्रांनी तिथल्या काळ्या माणसांचं काय केलं. जुन्या जाहिराती गोळा करताना मला जेवणाची शुद्ध राहत नव्हती. साबणाच्या जाहिरातीत काळं पोर, आणि अंघोळीनंतर तेच पोर गोरं. व्यंगचित्रांत जाड ओठ, वटारलेले डोळे. ज्यांनी आयुष्यात एकही काळा माणूस जवळून पाहिला नव्हता, त्यांच्याही घरात ही चित्रं डब्यांवरून, कॅलेंडरांवरून पोचली होती. त्यांना वाटायचं, ही माणसं आपल्याला पक्की ठाऊक आहेत.

व्याख्यानाची तालीम नेहमीप्रमाणे आत्यासमोर केली. आत्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. तिने लग्न केलं नाही आणि कुणाचं फारसं ऐकलंही नाही. मला मध्येच तोडून ती म्हणाली, "मग ते लोक काय, चुपचाप बसले?"

मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. पुढची स्लाइड लावली. गुलामीतून सुटलेलं एक कुटुंब, ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत बसलेलं. कडक कॉलर, मांडीवर पुस्तक, नजर थेट समोर.

"कपडे कुणी ठरवले?"

"त्यांनीच."

"वा," आत्या म्हणाली, आणि ती स्लाइड तिने मला पुन्हा लावायला लावली.

त्याच आठवड्यात आम्ही एका मुंजीच्या जेवणाला घाटाजवळच्या हॉटेलात गेलो. लॉबीत भिंतभर फोटो होता. भोसले घाटाच्या पायऱ्या, पांढरी साडी, बारीक कापलेले केस, खाली झुकलेलं डोकं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, काशीत मरणाची वाट पाहणारी विधवा. ती आत्या होती.

मी गारच पडले. आत्या मात्र चष्मा सावरत जवळ गेली. "टायफॉइडनंतरची मी, केस गळले म्हणून कापले होते. चष्म्याचा स्क्रू पडला होता ना, तो ढुंढत होते. इतकी बेचारी दिसते मी?" मग म्हणाली, "आणि विधवा व्हायला आधी नवरा नको का?"

आम्ही दोघी तिथेच हसत सुटलो. पण पानात वाढलेल्या जिलबीला तिने हात लावला नाही. तिला लागलं होतं, आणि तिला लागलंय हे पाहून माझा नुसता संताप झाला. परतताना ती म्हणाली, "तो फोटो उतरला पाहिजे. येणारा-जाणारा मला बघून हळहळतो आणि मग नाश्ता करायला जातो."

रिकाम्या हाताने तक्रार करायला मात्र ती तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी हिरवी इरकल नेसून, मनगटावर घड्याळ बांधून आणि फळ्यावर वर्तुळं काढायचा मोठा लाकडी कंपास घेऊन ती स्टुडिओत हजर. मी उत्साहाच्या भरात फोटोग्राफरला इतक्या सूचना दिल्या की शेवटी आत्यानेच मला बाहेर बसवलं. दारातून आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"माताजी, कंप्यूटर पर चेहरे का रंग थोड़ा साफ़ कर दें?"

"रंग को हाथ मत लगाइएगा."

महिनाभर स्लाइडी जुळवत मी जे सांगू पाहत होते, ते तिने उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं.

फोटो मोठा करून, फ्रेम करून आम्ही हॉटेलात नेला. मॅनेजर तरुण होता, अदबीने बोलणारा. त्याने लॉबीतच बसवून चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की तो जुना फोटो पाहुण्यांना फार आवडतो, त्याच्यासमोर लोक सेल्फी काढतात. आत्याने आपली फ्रेम टेबलावर उभी केली. हिरवी इरकल, कंपास, थेट समोर पाहणारे डोळे.

त्याने बराच वेळ पाहिलं. "बहुत अच्छी है, माताजी. पर इसमें बनारस कहाँ है?"

आत्या खुर्चीतून उठली. "आपके सामने खड़ा है."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि शिडी मागवली.