मीठ खाणारी पेटी

आमच्या घरात सासूबाईंची मनःस्थिती भांड्यांच्या आवाजावरून ओळखावी लागे. पितळी परात मोरीच्या दगडावर हलके टेकली, तर दिवस बरा जाणार. तांब्या आपटला गेला, तर मी घासून उपडी घातलेली भांडी पुन्हा घासली जात आहेत, असे समजून मी हातातले पुस्तक मिटावे. धुळ्याला, देवपुरातल्या त्या घरामागे, मोरीला लागून केळीचे एक बेट होते. भांड्यांचे सारे पाणी त्याच्या मुळाशी जाई आणि भरल्या घराचे उष्टे-खरकटे पिऊन ती केळ अशी तजेलदार हिरवी दिसे, की तिच्याकडे पाहून मला स्वतःच्या हातांची लाज वाटावी. माझ्या बोटांच्या पेरांत राख बसली होती. वर्गात फळ्यावर कवितेची ओळ लिहिताना खडू आणि राख यांतला फरक माझा मलाच कळत नसे.

सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणत असे. स्वयंपाकघर त्यांनी माझ्या हाती कधीच सोपवले होते. मोरी मात्र सोपवली नव्हती. तिथला लाकडी पाट, चाळलेल्या राखेचा डबा, चिंचेचा गोळा आणि नारळाची शेंडी हे त्यांचे राज्य होते. राख तीही कोणतीही चालत नसे. धरणगावकडच्या त्यांच्या भावाच्या शेतातून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या येत. त्या चुलीत जाळून उरलेली, मैद्यासारखी मऊ राखच भांड्यांना लागे.

भांडी घासणारी बाई लेकीच्या बाळंतपणासाठी सुरतेला गेली आणि तिथेच रमली, तेव्हा त्या राज्यात मला रयत म्हणून दाखल व्हावे लागले. मी घासायचे, अक्कांनी नाक मुरडायचे आणि पुन्हा घासायचे, असा क्रम लागला. त्यात माझा दिवेलागणीनंतरचा तास बुडाला. त्या तासाला गच्चीवर पांझरा नदीकडून वारा येई, कुणाच्या तरी अंगणातली रातराणी उमलू लागे आणि दिवसभर वर्गात दुसऱ्यांच्या कविता समजावून थकलेली मी स्वतःच्या चार ओळी जुळवून पाही. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. भांडी धुणारे यंत्र निघाले आहे, असे वर्तमानपत्राच्या जाहिरातीत वाचून मी नवऱ्यापुढे विषय काढला. त्याला यंत्रांचे वेड होते आणि मोरीतल्या राजकारणाचे भय. तो तत्काळ म्हणाला, "आणू या. पण आईला तू सांग."

अक्कांनी ऐकून घेतले आणि तांब्या आपटला.

"देवनी वाटी नि मटणनं ताट एकाच पोटात?" त्या म्हणाल्या. "बठ्ठं उष्टं एक करणारं यंत्र माले नको."

"मटणाची भांडी अंगणातच घासू, अक्का. ती यात जाणार नाहीत."

"आणि राखबिगर भांडं उजळस का कधी?"

याचे उत्तर शोधायला मी माहेरी, जळगावला गेले.

तिथे माझ्या भावाच्या वर्गमित्राचे फ्रिज आणि टीव्हीचे दुकान होते. यंत्राची दोन रूपे त्याच्याकडे कोपऱ्यात उभी होती. एकात त्याने लग्नपत्रिका ठेवल्या होत्या, दुसऱ्यात स्वतःचा जेवणाचा डबा.

"ताई, हे भांडी धुतं म्हणतात," तो म्हणाला.

"म्हणतात म्हणजे? तुम्ही पाहिलं नाही?"

"माझं दुकान आहे, ताई. भांडी घरी. आणि घरी हिला हे दाखवलं तर माझाच डबा बंद होईल."

मी पिशवीतून आईने लग्नात दिलेली परात, उभट तांब्या आणि वाट्यांचा एक संच काढला. बसमध्ये तो संच माझ्या मांडीवर सारखा किणकिणत होता आणि शेजारच्या बाईंनी मला बोहारीण समजून जुन्या साडीला काय मिळेल, असे हळूच विचारले होते. आता दुकानातल्या गिऱ्हाइकांनी टीव्हीवरचा क्रिकेटचा सामना सोडून आमच्याभोवती कोंडाळे केले. यंत्रातल्या जाळीचे दात सपाट परदेशी बश्यांसाठी घडवलेले होते. आमच्या खोलगट वाट्या त्यांवर पेंगणाऱ्या विद्यार्थिनींसारख्या कलंडल्या. लहान यंत्रात परात शिरेना. मोठ्यात ती तिरपी, नाखुशीने, पण शिरली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने "बसली" म्हणून निकाल दिला आणि निवड झाली.

दुकानदार भला माणूस होता. घरी पसंत पडले नाही तर पेटी परत नेईन, असे त्याने आपणहून सांगितले. ही सवलत मी अक्कांना सांगायला नको होती. त्यांनी ती लगेच उचलली. "हिवाळामा आपलं भरीतनं जेवण व्हस ना? त्याले बलाव. भरीतनं तेल निंघनं तं ऱ्हाऊ द्या, नही तं लई जा."

भरिताचे तेल निघाले तर पेटी राहील, नाही तर परत जाईल. खानदेशात राहणाऱ्याला या अटीची क्रूरता सांगावी लागत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून केलेल्या त्या भरितावर तेलाची धार सोडताना कुणी हात आखडत नाही. ते जेवून उठलेले ताट उन्हात धरले, तर त्यात तोंड पाहता येते. माझा गच्चीवरचा तास आता त्या तेलावर तरंगत होता.

दिवाळी उलटल्यावर टेम्पोतून पेटी आली. विरोध आपल्या जागी आणि शकुन आपल्या जागी, या न्यायाने अक्कांनीच तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि दारात नारळ वाढवला. दुकानातून आलेला कारागीर नळ जोडू लागला. सांडपाण्याची नळी गटारात सोडू का, असे त्याने विचारताच अक्का मधे उभ्या राहिल्या. मोरीचे पाणी आजवर केळीला गेले होते, पेटीचेही पहिले खरकटे पाणी केळीलाच जाणार. शेवटी पाण्याला दोन वाटा ठेवल्या. साध्या पाण्याची नळी केळीकडे आणि भांडी धुण्याच्या पावडरीचे पाणी निघताना ती वळवायची गटारात. कारागिराने आयुष्यात एवढे सूक्ष्म काम केले नव्हते, असे तो चहा पिताना म्हणाला.

मग त्याने पेटीच्या तळाचे एक झाकण फिरवून काढले आणि आत जाड्या मिठाचा आख्खा पुडा रिता केला. आमच्याकडच्या पाण्यात क्षार फार. ते मिठाने निवळते, असे त्याने समजावले.

अक्का पाहत राहिल्या. "मीठ खास का हाई?"

"हो आजी. मधून मधून घालावं लागतं."

"मंग आते आपलं शे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मीठ खादं, जागनं पडी."

खाल्ल्या मिठाला जागण्याचा करार मोठमोठ्या माणसांनी मोडलेला त्यांनी पाहिला होता. यंत्राला त्यांनी एक संधी दिली एवढेच. पण त्यानंतर पेटी चालू झाली, की त्या तिच्याकडे पाठ करून बसत. तिची पावडर मी उंच फळीवर ठेवली होती. धुळ्यात ती मिळत नसे, नवरा मुंबईहून आणी. मोरीतले त्यांचे राज्य मात्र चालूच राहिले. परात, कढई, देवाची भांडी त्या तिकडेच ओढून नेत. पेटीतून आलेले ताट नाकाशी धरून म्हणत, "वास येस."

"कसला, अक्का?"

"कसलाच नही. तेच तं."

भरिताच्या जेवणाच्या आदल्या दिवशी महाविद्यालयातला एक तास रद्द झाला आणि मी लवकर परतले. अक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, "आज लवकर?" त्या प्रश्नात कौतुक नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले. पेटी बंद होती, पण दाराला तळहात लावला तर ते कोमट लागले, नुकत्याच झोपून उठलेल्या मुलाच्या पाठीसारखे. मी दार उघडले. आतून वाफेबरोबर एक ओळखीचा धुरकट वास आला, चुलीचा, शेताचा, कपाशीचा. आत ताटे उभी होती. आदल्या रात्री शेवभाजी जेवलेली ताटे अक्कांनी कुणालाही घासू न देता झाकून ठेवली होती, ती हीच. त्यांवर राखेची पुसट झाक होती. बोट फिरवले तर ती पुसली गेली आणि खाली नितळ स्टील लागले. तर्रीचा मागमूस नव्हता. पावडरीच्या कप्प्यात, जाळीत, कोपऱ्याकोपऱ्यात मैद्यासारखी मऊ राख साचली होती.

मी जाळी काढून धुतली, दार लावले आणि बाहेर येऊन शेंगा सोलायला बसले.

"उद्या काय ते ठरेल," मी म्हणाले.

"ठरी," अक्का म्हणाल्या. त्यांच्या नखांच्या कडेला राख होती. ती मी पाहिली हे त्यांनी पाहिले आणि हात पदराखाली घेतला.

त्या रात्री मी निर्धास्त झोपले. पेटीने आमच्या पाठीमागे, गुपचूप आणि राखेवर परीक्षा दिली होती, नि परीक्षक समाधानी असल्याखेरीज ताटे तशी ओळीने उभी ठेवून शेंगा सोलत बसला नसता.

दुसऱ्या दिवशी परसात पऱ्हाट्यांच्या जाळावर मोठमोठी वांगी भाजली गेली. त्यांची साल तडकताना गोड धूर उठत होता. गल्लीतल्या बायकांनी भाकरी थापल्या. जळगावहून दुकानदार खास आला. मी पेटी पुसून सज्ज ठेवली आणि ताटे काढायला कपाटाकडे वळले, तर अक्का परसातून आत आल्या. त्यांच्या दोन्ही हातांवर केळीची पाने होती, धुतलेली, ओली, दारातून आत मावू नयेत एवढी लांब.

"भरीत पानवरच खातस," त्या म्हणाल्या. "ताट कसाले?"

पंगत पानांवर बसली. तेल पानांच्या शिरांतून वाहिले, भाकरीने पुसले गेले आणि उरलेसुरले पानांसह गल्लीतल्या गाईंनी खाल्ले. धुवायला एक ताट उरले नाही. हिरव्या, ताज्या, गोडसर वासाच्या त्या पंगतीत मी माझ्या तासासाठी कासावीस होऊन बसले होते आणि तरीही मला हसू आवरत नव्हते. पेटी पास झाली, तर तो लाकडी पाट कुणासाठी मांडायचा, याचे उत्तर अक्कांना आदल्या दुपारी सापडले नसावे. म्हणून त्यांनी परीक्षाच रद्द केली होती.

दुकानदाराने हात धुतले आणि विचारले, "मग अक्का, ठेवायचं का न्यायचं?"

नवरा सुपारी कातरताना थबकला.

"परीक्षाच व्हयनी नही," अक्का म्हणाल्या, "मंग निकाल कसाना लावतस? पुढला हिवाळामा दखू."

"तोवर?"

"तोवर ऱ्हाऊ द्या. मीठ खादं शे तिनी."

पुढल्या हिवाळ्यातही भरीत पानांवरच झाले आणि त्याच्या पुढल्याही. दुकानदार दरवर्षी तोच प्रश्न विचारी, तेच उत्तर ऐकून पोटभर जेवे. अक्कांनी पेटीचे नाव चांगले म्हणून एकदाही घेतले नाही. मी फक्त एक केले. पावडरीचा पुडा उंच फळीवरून काढून त्यांच्या हाताला येईल अशा कोनाड्यात ठेवला. राखेचा डबाही जागचा हलवला नाही.

"ही पावडर इतकी लवकर कशी संपते?" एकदा नवऱ्याने वैतागून विचारले. मुंबईहून ती त्यालाच आणावी लागे.

अक्का तांदूळ निवडत होत्या. "उंदरं खातस व्हतीन."

"आणि मीठ?" मी विचारले.

"तेही खातस. घरना शेतस ना."

त्या संध्याकाळी मी गच्चीवर होते. नवरा बाहेर गेला होता. रातराणीचा वास अजून पुरता सुटायचा होता. खालून प्रथम मोरीवर परात टेकल्याचा हलका आवाज आला. मग पेटीचे दार लागले आणि तिच्या पोटात पाणी खळाळू लागले. खाली अक्कांवाचून दुसरे कुणी नव्हते. मी वही उघडली आणि खाली गेले नाही.