असीरगड, मे महिना आणि ताईची रिकामी न झालेली बाटली

मे महिन्यात बुऱ्हाणपूरला जाऊ नका, असं सगळ्यांनी सांगितलं. पण शाळेला सुट्टी तेव्हाच, म्हणून मी आणि ताई निघालोच.

शनवारा दरवाजाजवळच्या लॉजवर सामान टाकलं. बाहेरचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, आता नका जाऊ किल्ल्यावर. धूप लई तेज आहे. उद्या सकाळी सहाले नेतो."

मला वाटलं, याला दुपारचं दुसरं भाडं असणार. अकरा वाजता आम्ही दुसरी जीप ठरवली. असीरगड खंडवा रस्त्यावर, वीसेक किलोमीटर. वर सावली फार कमी. दगड नुसते भाजत होते. अर्ध्यातच ताईच्या पोटऱ्यांत गोळे आले. ती घामानं निथळत होती आणि चेहरा पांढरा पडला होता.

परतताना निंबोला गावाजवळ तिला मळमळायला लागलं. केळीच्या बागेपाशी जीप थांबवली. कडुनिंबाखालच्या घरातून एक बाई धावत आली. "त्यांले सावलीत आना! झोपवा, पाय उंच ठेवा." तिनं ताईच्या ब्लाउजची वरची बटणं सैल केली, मानेवर ओलं फडकं ठेवलं, सुपानं वारा घातला. मग मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी आणलं.

मी बाईचा हात धरला. "पाणी कुठलं?"

"बोअरचं." तिनं आधी स्वतः दोन घोट घेतले. "आता पाजू?"

ताई घोट घोट प्यायली. माझ्या हातातली तिची बाटली जवळजवळ भरलेलीच होती. बाईनं ती पाहिली आणि ताईच्या कानाशी वाकली. "बाथरूम मागे आहे. कडी आतून लागते. बिनधास्त प्या."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अर्ध्या तासात बरं नाही वाटलं, उलट्या झाल्या, की भलतंसलतं बोलल्या, तर सरळ दवाखाना," बाईनं मला बजावलं. "आमचे मजूर दहालाच घरी जातात ते उगाच नाही."

ताई सावरली. किल्ला पुन्हा पाहिला तो दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाला, त्याच रिक्षावाल्याबरोबर. दहाच्या आत उतरलो. तुम्हीही तसंच करा. पाणी तहान लागायच्या आधीच प्या, सोबत मीठ-साखरेची पुडी आणि टोपी असू द्या.

नाशिकला परतल्यावर मी ताईला विचारलं, "त्या दिवशी सकाळपासून पाणी का नाही प्यायलीस?"

"रस्त्यात बाईमाणसानं जायचं कुठे?" ती म्हणाली. "तू रिक्षावाल्यावर संशय घेतलास, त्या बाईवर घेतलास. मी तहानलेली आहे, असा संशय मात्र तुला एकदाही आला नाही."