दगडावरून चालणारे आप्पा

आप्पा माळावर कधी मातीत पाय ठेवीत नसत. काठी टेकीत ते एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जात आणि मागून येणाऱ्यालाही तसेच चालायला लावीत. पाटसजवळचा तो चार एकरांचा उघडा माळ त्यांनी चराईला बंद केला होता. "चाळीस वरसं माझीच मेंढरं फिरली हितं. खुरांनी जिमिनीचं कातडं सोललं, मास्तर. आता कुठं खपली धरतीया."

खपली हा त्यांचा शब्द अचूक होता. डोळ्यांना न दिसणारे निळे-हिरवे जीवाणू कोरड्या मातीत चिकट धागे सोडतात. त्या धाग्यांनी कण बांधले जाऊन वर काळपट, खरबरीत थर तयार होतो. मग माती उडत नाही आणि गवत तग धरते. थर जमायला वर्षे लागतात. मोडायला एक पाऊल पुरते.

पाहुणा आला की आप्पा त्या थरावर तांब्यातले पाणी शिंपडीत. थोड्याच वेळात काळ्यावर हिरवी झाक येई. "बघा, जित्ती हाय!" एकदा मी शाळेच्या सूक्ष्मदर्शकात त्यांना ते धागे दाखवले. बराच वेळ डोळा लावून ते म्हणाले, "आरं तिच्या! ही तर घोंगडी इणलीया की!"

पुढे गावाने उरलेल्या माळावर पाणी अडवायला यंत्राने चर खणण्याचे ठरवले. आप्पांचे चार एकर सुरक्षित राहावेत म्हणून मी आदल्या दिवशी त्यांच्याभोवती चुन्याची पांढरी फक्की मारली. एवढ्यावर थांबलो असतो तर! निरीक्षणाला सोपे जावे म्हणून आतही, दगडांवरून चालत, चौकोन आखले. यंत्रचालकाला सांगायचे मात्र राहिले. आमच्याकडे चर खणायचा तो फक्कीवरच, हे मला ठाऊक असायला हवे होते.

सकाळी पोहोचलो तेव्हा एकही चौकोन शाबूत नव्हता. चालक बिहारचा; घाम पुसत अभिमानाने म्हणाला, "मास्टरजी, जहाँ चूना, वहाँ खुदाई. एकदम सीधी लाइन!"

पहिल्यांदाच आप्पा मातीत उतरले, गुडघ्यांवर बसले आणि ढिगाऱ्यातले खपलीचे तुकडे वेचून परत जमिनीवर मांडू लागले. मीही वेचू लागलो. "उलटं ठिवू नगा," एवढेच ते म्हणाले. "काळी बाजू वर."

त्यानंतरचे दोन उन्हाळे माती उडत राहिली. आप्पा रोज येत, पण दगड शोधीत नसत. एकदा मी म्हणालो, "आप्पा, दगडावरून या." ते म्हणाले, "कशापायी, मास्तर?" तिसऱ्या उन्हाळ्यात आप्पा गेले.

मी अजून जातो, दगडांवरूनच. आम्ही मांडलेल्या तुकड्यांवर तांब्यातले पाणी शिंपडतो आणि घड्याळ लावून थांबतो. तासाभराने वहीत नोंद करतो: माती ओली झाली. रंग बदलला नाही.