माझ्या लिंकला एक उलटा अंगठा

मंडळी, आज सकाळी आमच्या संत्रा बागायतदारांच्या ग्रुपवर मी एक लिंक टाकली. फळगळ थांबवणाऱ्या घरगुती फवाऱ्याचा लेख होता. ज्याला जास्त अंगठे, ते तिथं वर दिसतं; चहा होईपर्यंत तीस अंगठे आले आणि माझी लिंक सगळ्यांत वर गेली. पांढुर्ण्यात इतकी वर्षं मास्तरकी केली, ग्रुपमधले अर्धे माझेच विद्यार्थी. मी खुशीत.

मग मोहगावच्या सुनीतानं उलटा अंगठा दिला. तीही माझीच विद्यार्थिनी, आता बगीचा सांभाळते. तिनं लिहिलं, "सर, मी हा फवारा मागच्या आठवड्यातच एका झाडावर मारून पाहिला. सारी पानं जळली. कोणी मारू नका." खाली झाडाचा फोटो.

एक जण तेव्हा पंप भरूनच राहिला होता. त्यानं लिहिलं, "ओतून टाकला सर. तुमचं नाव पाहून अंगठा देल्ला, लेख उघडलाच नाही." बाकीच्यांनीही अंगठे मागं घेतले. लेख पूर्ण मीही वाचला नव्हता, हे कबूल करून राहिलो.

तुमच्या ग्रुपवर मतं लेखाला पडतात की नावाला?

वर्गात सुनीतानं कधीच हात वर केला नाही. मला वाटायचं, तिला उत्तर येत नसेल.