पुढच्या रेस्टला

माझे सासरे देवराव छत्तीस वर्षं सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढत होते, आणि एवढ्या वर्षांत ते एकदाही चारमिनारवर चढले नव्हते. कुणी विचारलं की म्हणायचे, "तो कुठं पळून चाललाय? जाऊ की पुढच्या रेस्टला." रेल्वेत आठवड्याच्या सुट्टीला रेस्ट म्हणतात. सासऱ्यांना मी मामा म्हणते; मामांची रेस्ट झोपण्यात, दळण आणण्यात, नाहीतर दुसऱ्याची ड्युटी करण्यात जायची. माणूस अगदी सरळ. अशा माणसाचा राग आला तरी भांडायला काही सापडत नाही.

सासूबाई पार्वतीबाईंना मात्र शहराची खडानखडा माहिती होती. त्यांना मी आत्या म्हणायचे. त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये नांदेड-हिंगोलीकडचं कुणी ना कुणी उतरलेलं असायचं. कुणी उस्मानिया दवाखान्यात दाखवायला आलेलं, कुणी रेल्वेची परीक्षा द्यायला. शहर दाखवल्याशिवाय पाहुण्याला परत पाठवायचं नाही, हा आत्यांचा नेम. आठ नंबरची बस धरायची, अफझलगंजला उतरायचं, मुसी नदीच्या पुलावरून पायी पत्थरगट्टीतून चारमिनार गाठायचा. तिथं पाहुणे वर चढायचे आणि आत्या खाली सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसायच्या. पाहुणे वरून हाका मारायचे, या खालून हात हलवायच्या. मग लाड बाजारात बांगड्या घेऊन घरी.

"आत्या, तुम्ही का नाही चढलात कधी?" एकदा मेथी निवडताना मी विचारलं होतं.

"वर मी यांच्यासंगं जाणार. तसं ठरलंय," त्या म्हणाल्या.

ठरलं होतं लग्नाच्या पहिल्या वर्षी. दोघं मिळून वर जाऊ, पुढच्या रेस्टला, असं मामा बोलून गेले आणि विसरले. या बाईने तो शब्द चाळीस वर्षं धरून ठेवला आणि एकदासुद्धा आठवण करून दिली नाही. मला आजही त्यांचा राग येतो. तोंड उघडायला काय झालं होतं?

तीन वर्षांपूर्वी आत्या गेल्या. त्यांचा विषय निघाला की मामा म्हणायचे, "तिला फिरायची हौसच नव्हती." खरं काय ते दर वेळी माझ्या जिभेवर यायचं, आणि त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळून टाकायचे.

यंदा अशोक विजयादशमीनंतरच्या, म्हणजे दसऱ्यानंतरच्या, शनिवारी जयवंता मावशी आल्या. आत्यांची ही धाकटी बहीण हिंगोलीला असते. हातात सीताफळांची पिशवी, अंगावर आत्यांचीच निळी साडी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "दाजी, आक्कानं फिरवलं तसं एकदा फिरवा मला. पुन्हा येणं होतंय का न्हाई."

माझ्या नवऱ्याने, धम्मानंदने, त्या दिवशी त्यांना कारमधून हिंडवलं. हुसेनसागरातल्या बुद्धमूर्तीपर्यंत नावेतून नेलं, मेट्रोत बसवलं. मावशी सगळ्याला "छान हाय" म्हणाल्या आणि रात्री जेवताना विचारलं, "उद्या आठ नंबरची बस किती वाजता हाय?"

रविवारी मामा, मावशी आणि मी निघालो. आमच्याकडे बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण मावशींचं आधार कार्ड पाहून कंडक्टरबाई म्हणाल्या, "महाराष्ट्रा है, अम्मा. टिकट लेना पडता."

"माझी बहीण जल्मभर इथंच राहिली. तिच्या नावावर सोडा की," मावशी म्हणाल्या. कंडक्टरबाईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. तिकीट मात्र फाडलंच.

अफझलगंजला उतरून मामा रुबाबात पुढे झाले आणि थेट उलट्या दिशेला, लायब्ररीकडे चालू लागले. मावशींनी त्यांची बाही धरली. "दाजी, इकडं." तिथून पुढे मावशीच वाट दाखवत होत्या. या कोपऱ्यावर आक्का जांब घ्यायची. पुलावर आलं की नाक दाबा म्हणायची. या दुकानाच्या सावलीत म्हाताऱ्या माणसांना दम खाऊ द्यायची. मामा ऐकत चालले होते. मधेच त्यांनी विचारलं, "तुला एवढं सगळं कसं ध्यानात राहिलं?"

"आक्कानं दोनदा दाखवलं. तुम्हाला न्हाई दाखवलं?"

मामांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

चारमिनारशी पोचल्यावर मावशी एका दगडी कट्ट्यावर बसल्या आणि माझी पिशवी, मामांची छत्री, सगळं मांडीवर घेतलं. "मी बसते हितं. तुम्ही जा वर."

"माझं काय काम वर? पार्वतीला बी असली हौस नव्हती."

मावशींनी मान वर केली. "कोण म्हणलं? ह्याच जागी मी तिला हाताला धरून वढलं हुतं, चल म्हणून. उठली न्हाई. म्हणली, त्यांनी मला शब्द दिलाय, पुढच्या रेस्टला नेणार हायेत."

मला वाटलं, झालं, आता हा माणूस इथंच खाली बसेल. बांगडीवाले हाका मारत होते.

"म्हणलो हुतो मी," ते म्हणाले, आणि तिकिटाच्या खिडकीकडे निघाले.

जिना अरुंद आणि अंधारा. चार पायऱ्या चढून थांबत, भिंतीला हात लावत आम्ही वर आलो. लोक चारी बाजूंनी फोटो काढत होते. मामांनी शहराकडे पाहिलंच नाही. ते सरळ कठड्याशी गेले आणि खाली वाकून शोधू लागले. गर्दीत एक निळी साडी दिसली. मांडीवर पिशव्या. चेहरा एवढ्या उंचावरून ओळखू येत नव्हता. तिने वर पाहिलं आणि हात हलवला.

मामांनी कठडा घट्ट धरला. "इथून अशी दिसायची होय ती," ते म्हणाले. "साऱ्या पाव्हण्यांना दिसायची."

मला रडू आवरेना. खालचा हात हलतच होता. मग मामांनी आपला हात उचलला. केबिनच्या खिडकीतून जाणाऱ्या गाडीला हिरवं निशाण दाखवायचे तसा, सरळ आणि न हलवता. गाडीचा शेवटचा डबा पुढे जाईपर्यंत निशाण खाली घ्यायचं नसतं, असं ते नेहमी सांगत. पहारेकरी येऊन "चलो बडे मियाँ, टाइम हो गया" म्हणेपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.