महामायाबाईंनी खोली सोडली नाही

देगलूरच्या पुढे, तेलंगणाच्या शिवेला लागून असलेल्या एका गावात महामायाबाई एकोणीस वर्षं अंगणवाडी चालवत होत्या. पोरं घरून तेलुगू, कन्नड, दखनी बोलत यायची. बाई कुणाला 'रा' म्हणायच्या, कुणाला 'बा', कुणाला 'आव'. ये म्हणायचं एवढंच. पण घरच्या बोलीत हाक आली की रडणारं पोरही आत यायचं.

जूनमध्ये सरपंच संगमेश्वरअप्पा आले आणि चपला घालूनच खोलीभर फिरले.

"बाई, ही खोली खताच्या गोदामाला देऊन राहिलो आपण. तुम्ही पोरं घेऊन समाजमंदिराच्या ओट्यावर बसा."

गोदाम त्यांच्या मेव्हण्याचं, हे गावाला ठाऊक होतं.

"ओट्यावर पत्रा न्हाई, अप्पा."

"पोरं हायत किती? ऐपतवाल्यांची तर गाडीनं देगलूरला नर्सरीत जातात. तुमची येतात खिचडी खायला."

बाईंना ते फार लागलं. खिचडी खायला येतात, हे खरंच होतं. भुकेल्या पोराला आधी खाऊ घालावं लागतं, मग ते गाणं म्हणतं. त्यात लाज कसली?

दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप होतं. बाई ओट्यावर गेल्या नाहीत. त्यांनी बंद दारासमोरच सतरंजी टाकली. मदतनीस साखराबाईंनी तीन दगड मांडून चूल पेटवली. "पाऊस आला तर?" असं त्यांनी एकदा विचारलं, आणि स्वतःच घरून ताडपत्री आणली.

दुपारनंतर बाई वही घेऊन घरोघर फिरल्या. सह्या मागितल्या नाहीत. एकच विचारलं, "तुम्ही रानात निंदायला गेलात आन् अंगणवाडी नसली, तर धाकट्याला कोण बघंल?"

खोली गोदामाला देण्याचा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा बाई उभ्या राहिल्या आणि वही वाचू लागल्या.

"रेणुका, सहावी. अक्षरा, चौथी. अलीझा, पाचवी..."

अकरा नावं झाली. अप्पा वैतागले. "ही शाळेतल्या पोरींची नावं इथं कशाला?"

"पावसात ओट्यावरची अंगणवाडी बंद पडली की ह्या अकराजणी धाकट्यांना सांभाळायला घरी बसतील. ठरावात तेबी लिव्हा."

सभेत कुजबुज झाली. ग्रामसेवकांनी पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही. तेवढ्यात मागून शहजादी उठली. ती अलीझाची आई, गावात शिवणकाम करणारी. सभेत ती आजवर एक शब्द बोलली नव्हती.

"भावाला सांभाळायला मला दुसरीतून काढलं. आजबी अंगठा लावते मी. माझ्या अलीझाला नै बसवनार घरी. तुमचं खत तुमच्या वाड्यात ठेवा, अप्पा!"

बाया हसल्या, मग एकेक करून उभ्या राहिल्या. ठराव झाला नाही.

"तुमची वर तक्रार करतो, बाई," अप्पा म्हणाले.

"करा. नाव तेवढं नीट लिव्हा. महामाया आनंदराज कांबळे."

कुलूप मात्र निघालं नाही. दोन दिवस किल्ली मागून झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी साखराबाई हातोडा घेऊन आल्या आणि घाव घालायला वाकल्या. बाईंनी हातोडा आपल्या हाती घेतला. "नोटीस आली तर माझ्या नावानं येऊ द्या." चौथ्या घावाला कुलूप तुटलं.

कुलूप तोडल्याबद्दल तालुक्याहून नोटीस आलीच. बाईंनी दीड पानाचं उत्तर हातानं लिहिलं: खोली अंगणवाडीची, पोरं अंगणवाडीची, कुलूप कुणाचं ते आम्हांस कळवावे.

त्याचा निकाल अजून लागलेला नाही. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकाबाई भल्या होत्या. गेल्या महिन्यात त्या समजावायला आल्या. "दोन ओळींची माफी लिहून द्या, प्रकरण मिटवते."

बाई एका पोराचं वजन करत होत्या. काट्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "माफी कशाची?"

बाईंनी रजिस्टरात वजन लिहिलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.