मोठ्या सिस्टरांचं शून्य

लहान मुलांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर खेळण्यातली अस्वलं बसायची. बाई चहासुद्धा उभ्याने प्यायच्या, आणि तोही गार झाल्यावर, कारण तो गरम असताना कुणाचं ना कुणाचं सलाईन संपलेलं असायचं. घरी नवरा म्हणायचा, "अगं, दोन मिनिटं टेक की." तर या म्हणायच्या, "टेकायला मी काय शिडी आहे?" नवरा शिंपी होता. अख्ख्या गल्लीची मापं घेतली त्याने, पण बायकोच्या हट्टाचं माप काही त्याला घेता आलं नाही.

'दमले' हा शब्द त्यांच्या तोंडून निघतच नसे. नव्या नव्या नोकरीत एकदाच निघाला होता. तेव्हाच्या मेट्रनबाईंनी भर वॉर्डात सुनावलं होतं, "दमलेल्या हातात कुठली आई आपलं लेकरू देईल?" त्या दिवशी सिस्टरांनी तो शब्द गिळला तो गिळलाच.

अशा या वॉर्डात एके दिवशी संशोधक मॅडम आल्या. मुलांच्या इस्पितळातल्या नर्सेस किती दमतात, आणि त्याचा कामावर काय परिणाम होतो, हे त्यांना शोधायचं होतं. महिनाभर त्या रोज ड्यूटी संपताना हजर व्हायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या: आज किती दमलात? शून्य म्हणजे टवटवीत, दहा म्हणजे आता फक्त आडवं व्हायचं बाकी. अभ्यासात दमणूक दिसली तर वॉर्डाला आणखी दोन नर्स देऊ, असं इस्पितळाच्या साहेबांनी कबूल केलं होतं. बाकीच्या नर्सेस आठ-नऊ सांगायच्या, आणि त्यात तिखटमीठ अजिबात नव्हतं. मोठ्या सिस्टर मात्र कुणी वजन विचारल्यासारख्या फणकाऱ्याने म्हणायच्या, "शून्य!"

साहेबांना नव्या नर्स न देण्याचं आयतंच निमित्त मिळालं. "सगळ्यांत वयस्कर बाई दमत नाहीत, मग या तरण्याताठ्या पोरी कशाने दमतात?" असं ते म्हणाल्याचं वॉर्डभर झालं. त्यांतल्या सर्वांत धाकट्या सिस्टर तर रडकुंडीला आल्या.

"ताई, तुमच्या एका शून्यापायी आमच्या सगळ्यांच्या आकड्यांवर पाणी पडतंय हो. उद्या शेवटचा दिवस आहे. एकदा तरी खरं सांगा ना!"

"खरंच सांगते मी. दमायला वेळ कुठाय मला?"

यात गंमत अशी की बाईंना ते अगदी मनापासून खरं वाटायचं. आता काय बोलणार?

खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी होती, वॉर्ड तिला खारूताई म्हणायचा. सात वर्षांची, पुढचे दोन दात ऐटदार, आणि एका जागी बसेल तर शपथ. तिच्या जनुकांत जन्मापासूनच एक चूक होती: तिला दुखायचंच नाही. ऐकायला केवढं छान वाटतं! पण दुखणं हा शरीराचा पहारेकरी, आणि हिचा पहारेकरी जन्मतःच रजेवर गेलेला. भाजलं तरी कळायचं नाही, जीभ चावली गेली तरी कळायचं नाही. या खेपेला बुटात खडा शिरला होता. बाईसाहेब दिवसभर त्याच्यावर उड्या मारत हिंडल्या, आणि टाच चिघळली ती पार हाडापर्यंत. इस्पितळात आणली तेव्हा आई पांढरीफटक पडली होती आणि ही विचारत होती, "इथे जेवायला काय असतं?"

जखम भरत आली, तशी मोठ्या सिस्टरांनी तिला तपासणी शिकवली. "तुझं अंग आपणहून सांगत नाही ना, मग आपण जाऊन त्याला विचारायचं." रोज दुपारी केसांपासून सुरुवात. मग डोळे, जीभ, हात, कोपरं, गुडघे, टाचा, आणि शेवटी बूट उलटे करून झटकायचे. सापडेल ते मोठ्याने सांगायचं. सापडलं म्हणून कुणी रागावणार नाही, पण लपवलं तर कान उपटणार. आणि काही सापडलंच, तर पाय वर, हलायचं नाही.

शेवटच्या दिवशी सिस्टर सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरत होत्या. एका बाळाला ताप चढला होता, दोन नव्या खाटा भरल्या होत्या. दुपारी संशोधक मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा खारूताईची तपासणी नुकतीच संपली होती. सगळं शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी ती घरी जाणार होती.

"आता तुमची," खारूताई मोठ्या सिस्टरांना म्हणाली.

"माझी कशाला गं?"

"मला नीट येते की नाही ते बघायला. बसा बघू."

काय करणार? मोठ्या सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. समोरच्या खाटेवरच्या मुलाने तोंडातला घास चावायचा थांबवला.

केसांत तीन पेनं सापडली. त्यातलं एक हरवलं म्हणून सकाळी धाकट्या सिस्टरांची खरडपट्टी निघाली होती. डोळे लाल. मनगटाशी भाजल्याचा डाग. "हे कशाने?" खारूताईने विचारलं. सिस्टर स्वतःच तो डाग वाकून वाकून बघू लागल्या. मग बुटाची पाळी आली. बूट उलटा झाला, झटकला गेला, आणि इंजेक्शनच्या सुईचं निळं टोपण टुणकन फरशीवर पडलं. मुलं खिदळली. धाकट्या सिस्टरही हसल्या, पण टाचेला रक्ताने चिकटलेला मोजा दिसला तशा कापूस आणायला धावल्या.

"हे कधीपासून आत होतं?" खारूताईने विचारलं.

"सकाळपासून असेल."

"आणि दुखलं नाही?"

सिस्टरांनी वाकून टोपण उचललं आणि खिशात टाकलं.

"अय्या! म्हणजे तुम्हाला पण माझाच आजार आहे!"

पोरीला आनंद झाला हो! आजवर तिला तिच्यासारखं कुणी भेटलंच नव्हतं. तो आनंद बघून मात्र मोठ्या सिस्टरांनी तिचा हात हातात घेतला.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "तुझं अंग तुला सांगतच नाही. माझं बिचारं रोज सांगतं. मीच ऐकत नाही."

खारूताईचा चेहरा पडला. मग तिने डोळे बारीक केले. "म्हणजे तुम्ही लपवलंत. नियम काय आहे?"

"सापडेल ते मोठ्याने सांगायचं."

"मग सांगा."

"दमले," सिस्टर पुटपुटल्या.

"मोठ्याने!"

"दमले गं बाई! फार दमलेय मी!" आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून त्यांनी खाटेवरचं अस्वलच तोंडाशी धरलं. मग अस्वलाआडून आवाज आला, "मॅडम, दहा लिहा. आणि मागची सगळी शून्यं चुकलेली आहेत, तेही लिहा. साहेबांनी विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

धाकट्या सिस्टरांनी जखम पुसली, खारूताईने वरून पट्टी लावली. चांगलीच वाकडी लावली. "पाय वर. हलायचं नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेची घंटा वाजली. मोठ्या सिस्टर सवयीने उठू लागल्या, तर खारूताईने त्यांच्या पायाचा अंगठा गच्च धरला.

"दुसरं कुणीतरी जाईल."

"कोण जाणार आहे?" सिस्टर म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

घंटा वाजत राहिली. मग धाकट्या सिस्टर उठून गेल्या, आणि घंटा थांबली.